बिऱ्हाड कुठे मांडावे?



नव्या गावात बिऱ्हाड हलवायचे म्हटले की पहिला सवाल येतो, राहायचे कुठे? भाडे किती, पाणी किती वेळ येते, स्टेशन किती लांब, हे बघावेच लागते. पण आपल्या समाजाला हा सवाल शेकडो वर्षे विचारताच आला नाही. आपला वाडा कुठे असावा हे गावाने आधीच ठरवून टाकलेले. म्हणून जागा निवडणे हा साधा व्यवहार नव्हे, तो हक्क आहे. बाबासाहेबांच्या घरादाराचा इतिहास आम्ही गिरणीच्या पाळ्या सांभाळून जेवढा वाचला, तेवढा येथे मांडतो.

सुभेदार रामजी पेन्शनीत निघाल्यावर दापोली, मग सातारा, आणि १९०४ च्या सुमारास कुटुंब घेऊन मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, त्यातच अंथरूण. मुलाला अभ्यासाला जागा नाही, म्हणून सुभेदारांनी युक्ती काढली. भिवाने लवकर झोपायचे, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचे. मग मुलाला उठवून त्याच जागेवर आपण आडवे व्हायचे. त्या खोलीतून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलला गेले आणि १९०७ साली मॅट्रिक झाले. सुभेदारांनी ऐसपैस जागा बघितली नाही, पोराची शाळा बघितली.

पुढे १९१२ पासून हे कुटुंब परळच्या पोयबावाडीत बी.आय.टी. चाळीत राहिले, दुसऱ्या मजल्यावर, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत.

आता बडोदे बघा. १९१७ साली बाबासाहेब संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले. परदेशात शिकून आलेला माणूस, पण शहरात खोली कोणी देईना. पारशी सराईत पारशी नाव सांगून उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात आले, संध्याकाळच्या आत जागा सोडा म्हणाले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. शेवटी कामाठी बागेत बसून वेळ काढली आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. नोकरी होती, पगार होता, पण छप्पर नव्हते, म्हणून नोकरी गेली. नाव लपवून मिळालेली जागा अकरा दिवस टिकली. पोयबावाडीत आपल्या माणसांत, आपल्या नावाने, ते १९३४ पर्यंत राहिले. ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधले. नाव ठेवले राजगृह, मगधाच्या बौद्ध राजधानीचे नाव. या खेपेला भीती बघून नाही, गरज बघून जागा निवडली.

आपल्या वाडवडिलांनीही डोळे मिटून खोल्या घेतल्या नाहीत. १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बी.डी.डी. चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. पण वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्या पडल्या! कारण गिरणी लांब, बाजार लांब. कामगाराला भोंग्याआधी दारात पोचायचे असते. पुढे गाववाल्याने गाववाला आणला आणि त्याच चाळींत आपली वस्ती उभी राहिली. १९८२ च्या संपानंतर मात्र पुष्कळ घरे कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, नालासोपाऱ्याकडे गेली. तिकडे जाताना खोलीचे भाडे कमी झाले, पण गाडीच्या प्रवासात माणसाचे आयुष्य खर्ची पडले.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बिऱ्हाड हलवताना फरशी आणि रंग मागाहून बघा. पोरगी शाळेतून, बाई कामावरून रात्री बिनघोर घरी येईल का? जवळ वाचनालय आहे का? अडीअडचणीला धावणारा शेजार आहे का? आणि आडनाव विचारून कोणी तोंड फिरवले, तर नाव बदलून आत शिरू नका. जेथे आपल्या नावाची पाटी दारावर उघड लावता येते, तेच घर.

जय भीम! नमो बुद्धाय!