आर की पायथन? एका प्रश्नाच्या पोटातला इतिहास

१/ जुन्या नकाशांवर काम करणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो: भौगोलिक विदेच्या विश्लेषणासाठी आर शिकावी की पायथन? उत्तर देण्यापूर्वी या दोन्ही भाषा कोणत्या पायावर उभ्या आहेत, ते पाहू. #धागा

२/ आधी मूळ अडचण. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेले आहेत. आजचे जीपीएस वेगळे मापन वापरते. जुन्या नकाशावरील अक्षांश-रेखांश जसेच्या तसे उचलले, तर सह्याद्रीतला एखादा गड शेकडो फूट बाजूला पडतो.

३/ हे रूपांतर करणारी आज्ञावली म्हणजे 'प्रोज'. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतील जेराल्ड एव्हेंडेन यांनी ती घडवली. एव्हरेस्ट यांचे आकडे आजही तिच्यात नोंदलेले आहेत.

४/ दुसरी अडचण फाइलींची. प्रत्येक कंपनीचे, प्रत्येक उपग्रहाचे स्वरूप निराळे. १९९८ मध्ये फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 'जीडाल' लिहायला घेतली. ही सारी स्वरूपे एकाच पद्धतीने वाचता यावीत, हा तिचा हेतू. दोन क्षेत्रे एकमेकांना छेदतात का, यांसारखी भूमिती पाहणारी तिसरी लायब्ररी 'जिओस'.

५/ आता मूळ प्रश्नाकडे. आरमधील 'एसएफ' घ्या किंवा पायथनमधील 'जिओपांडाज'. दोन्हींच्या तळाशी हीच त्रयी आहे. भाषा दोन, पाया एकच.

६/ मग धोका कशात? आरला या लायब्रऱ्यांशी जोडणारे 'आरजीडाल' हे पॅकेज अनेक वर्षे नॉर्वेतील बर्गनचे प्राध्यापक रॉजर बिवांड सांभाळत होते. त्यांच्या निवृत्तीमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये आरजीडाल, आरजिओस आणि मॅपटूल्स ही तिन्ही पॅकेजे आरच्या अधिकृत संग्रहातून काढली गेली. आगाऊ सूचना पुरेशी होती आणि 'एसएफ' २०१६ पासून उपलब्ध होते. तरीही जुन्या पॅकेजांवर विसंबलेल्या संशोधकांना आपल्या आज्ञावल्या नव्याने लिहाव्या लागल्या.

७/ दस्तऐवजांना कसर लागते, हे आपण जाणतो. आज्ञावलीलाही लागते, आणि ती वाचवतात ती मोजकी माणसे.

८/ म्हणून माझे मत: अवकाशीय संख्याशास्त्र हा गाभा असेल तर आर, उपग्रहचित्रे आणि यंत्रशिक्षण असेल तर पायथन. परंतु साधन निवडताना ते किती जण सांभाळतात, हेही पाहावे. मूळ विदा खुल्या स्वरूपात जपावी. वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांक प्रबंधात नोंदवावा. आपण बखरीच्या हस्तलिखिताची प्रत नोंदवतो, अगदी तसाच.