अ‍ॅक्सोलॉटल : नाम आणि पुच्छ

मेक्सिकोच्या खोऱ्यातील अ‍ॅक्सोलॉटल हा उभयचर प्राणी सामान्यतः आजन्म कल्ले धारण करून पाण्यातच राहतो. त्याचे नाव नाहुआत्ल भाषेतील असून ‘आत्ल’ म्हणजे पाणी व ‘शोलोत्ल’ हे त्याचे दोन घटक होत. अनेक ग्रंथांत त्याचा अर्थ ‘जलश्वान’ असा दिलेला आढळतो. परंतु तो ग्राह्य वाटत नाही. मेक्सिकोतील केशहीन कुत्र्यास ‘शोलोइत्स्कुइन्त्ली’ म्हणतात. त्यात श्वानवाचक शब्द ‘इत्स्कुइन्त्ली’ हा आहे. ‘शोलोत्ल’चाही अर्थ तोच असता, तर निष्कारण द्विरुक्ती झाली असती.

सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकाने नोंदविलेली कथा अधिक मार्गदर्शक आहे. मृत्यूस भिऊन पळालेला शोलोत्ल देव प्रथम दुहेरी ताटाचा मका, मग दुहेरी घायपात आणि अखेर पाण्यात अ‍ॅक्सोलॉटल झाला; तेथेच तो पकडला जाऊन मारला गेला. हा देव जुळ्यांचा व विकृत आकारांचा अधिपती मानला जाई. तेव्हा ‘पाण्यातील विलक्षणरूप’ हा अर्थ मूळास अधिक जवळचा ठरतो.

सॅलॅमँडरची तुटलेली शेपटी पुन्हा वाढते, हे स्पालान्झानीने १७६८ मध्ये प्रसिद्ध केले होते. १८६४ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयात ऑग्युस्त द्युमेरील यांजकडे सहा अ‍ॅक्सोलॉटल आले. त्यांची प्रजा युरोपभर पसरली, आणि १८६७ मध्ये फिलिपो यांनी या प्राण्याच्या अवयवांच्या पुनर्जननाविषयी लिहिले. पालीच्या नव्या शेपटीत मणके नसतात, केवळ कूर्चेची नळी असते. अ‍ॅक्सोलॉटलमध्ये मात्र जखमेवर पेशींचा अंकुर धरून मज्जारज्जू, स्नायू व मणके पुनरपि घडतात. तथापि पाळीव प्राण्यांत नवी शेपटी कधी आखूड, कधी वाकडी, तर क्वचित दुभंगलेलीही दिसते. नाव या शेपटीवरूनच पडले, असे म्हणण्यास आधार नाही. नाव व लक्षण यांचे साम्य मात्र लक्षणीय आहे.

आज हा प्राणी जगभरच्या काचपात्रांत विपुल आहे. सोचिमिल्कोच्या कालव्यांत मात्र १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० असलेली त्याची संख्या २०१४ पर्यंत चाळिसाच्याही खाली गेली. ज्यांनी त्याला हे नाव दिले, त्यांच्या पाण्यातूनच तो नाहीसा होत आहे. आणि ती हानी प्रयोगशाळेतील विपुलतेने भरून निघणारी नव्हे.