उशिरा फिरणारे चाक

मेहकरच्या बसस्थानकासमोर जुना टर्बो ट्रक डोळे मिटूनही ओळखता यायचा. गतिरोधक ओलांडून चालकाने ॲक्सिलरेटर दाबला की आधी घरघर, मग काळ्या धुराचा लोट आणि सर्वांत शेवटी बारीक शिट्टी. शिट्टी ऐकू येईपर्यंत धूर आमच्या नाकात गेलेला असे. हा क्रम असाच का, याचे उत्तर मला पुढे एका मिस्त्रींनी खोललेला टर्बो हातात दिला तेव्हा मिळाले. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके. हवेच्या बाजूचे ॲल्युमिनियमचे, हलके. धुराच्या बाजूचे निकेलच्या मिश्रधातूचे, काळवंडलेले आणि चांगलेच जड. शिट्टीला उशीर होतो तो या काळ्या चाकामुळे. टर्बोच्या इतिहासात ताकदीचे आकडे भरपूर सापडतात, या उशिराचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांची. इंजिनातून वाया जाणाऱ्या गरम वायूने चाक फिरवायचे आणि त्याच चाकाच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, यासाठी त्यांनी 1905 साली पेटंट घेतले. तिला खरे यश आले ते वीस वर्षांनी, समुद्रावर. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची ताकद टर्बोमुळे 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. जहाजाला घाई नसते. तासन्तास एकाच वेगाने चालणाऱ्या इंजिनाचे चाक वेग घ्यायला थोडा वेळ लावत असेल, तर कोणाचे काही बिघडत नाही. विमानाचेही तसेच. जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी 1918 साली अमेरिकेतल्या पाइक्स पीक या सुमारे 14,000 फूट उंच डोंगरावर विमानाचे इंजिन नेऊन चाचणी घेतली, तेव्हा प्रश्न विरळ हवेत ताकद टिकवण्याचा होता, चटकन वेग घेण्याचा नव्हता.

टर्बो रस्त्यावर आला आणि अडचण उघडी पडली. ट्रक क्षणात थांबतो, क्षणात निघतो. डिझेल पायाच्या दाबासरशी पोहोचते. हवा मात्र चाक फिरेपर्यंत येत नाही. मधल्या वेळात अर्धवट जळालेले डिझेल म्हणजेच तो काळा लोट.

मग चाक लहान का करत नाहीत? इथे गणित आडवे येते. आकार आणि धातू तोच ठेवून चाकाचा व्यास 10 टक्क्यांनी कमी केला, तर त्याचे फिरण्याबाबतचे जडत्व सुमारे 41 टक्क्यांनी घटते, कारण ते व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. फायदा मोठा आहे. पण वायूला जायची वाटही 19 टक्क्यांनी अरुंद होते. इंजिन जोरात चालू लागले की वायू तिथे तुंबतो, पिस्टनला तो बाहेर ढकलण्यात ताकद घालवावी लागते. लहान चाक चटकन उठते आणि पुढे गुदमरते. मोठे चाक उशिरा उठते, पण मग दमत नाही. पात्यांची संख्या, त्यांचा बाक, पात्यांमागची तबकडी कोरून वजन घटवणे, ही सारी खटपट या दोहोंमधल्या तडजोडीसाठीच.

या तडजोडीतून सुटायची एक वाट ब्युखींनीच 1925 मध्ये दाखवली होती: सगळ्या सिलिंडरांचा वायू एका मोठ्या नळीत गोळा न करता वेगवेगळ्या अरुंद नळ्यांनी चाकापर्यंत न्यायचा, म्हणजे प्रत्येक स्फोटाचा धक्का विरून न जाता थेट पात्यांवर बसतो. सहा सिलिंडरच्या ट्रकमध्ये तीन-तीन सिलिंडरांच्या दोन वाटा असतात, त्या याच विचाराच्या. मला ही युक्ती सर्वांत देखणी वाटते, कारण चाकाला हातच लावलेला नाही. दुसरी वाट धातूची. निस्सानने 1985 मध्ये सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचे चाक मोटारीत आणले. वजन निकेलच्या निम्म्याहूनही कमी, पण ठिसूळ. एखादा कण आदळला तरी पाते उडण्याची भीती. तिसरी वाट चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांची: कमी वेगात फट अरुंद, जास्त वेगात रुंद. एकच चाक दोन मापांचे काम करते.

मेहकरला आता दोन्ही परीक्षा शेजारीशेजारी आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला, तेव्हापासून जवळून ट्रक एका लयीत, जहाजासारखे जातात. गावात मात्र तेच जुने थांबणे आणि निघणे. 2020 साली भारत स्टेज-6 नियम लागू झाल्यापासून नव्या गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणीही असते. धुराचा लोट विरळ झाला आहे.

मिस्त्रींचे काम मात्र कमी झालेले नाही. परवा त्यांनी एक नवा टर्बो दाखवला. चाक शाबूत होते, बोटाने सहज फिरत होते. भोवतीची हलणारी पाती काजळीने घट्ट धरली होती, आणि ते एकेक सोडवत बसले होते.