वर्गणी, खाडा आणि रद्दी

ऑनलाइन बातमीला लोक पैसे मोजतील का, यावर वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत बरीच वर्षं खल चालला आहे. आम्हा पेपर टाकणाऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर कुठे असेलच, तर ते आमच्या उधारीच्या वहीत सापडेल. कराडला आमच्या घरात पेपरची एजन्सी आजोबांपासून आहे. पहाटे एसटी स्टँडवर गठ्ठे उतरवून घ्यायचे, पुरवण्या भरायच्या, पोरांना लाइनी वाटून द्यायच्या आणि पाच तारीख उलटली की पावतीपुस्तक घेऊन जिने चढायचे. इतक्या वर्षांत बातमीचे म्हणून मला एकानंही पैसे दिलेले नाहीत. पेपर सहाच्या आत आला याचे दिले, पावसात भिजला नाही याचे दिले, आणि त्यातले काही रद्दीवाल्याकडून वसूल होतील या हिशोबाने दिले.

हे आजचं नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत ‘दर्पण’ काढला. एका रकान्यात मराठी, शेजारच्या रकान्यात इंग्रजी. 1840 मध्ये तो बंद पडला. लगेच पुढच्या वर्षी भाऊ महाजनांनी ‘प्रभाकर’ सुरू केला, त्यातच 1848 पासून लोकहितवादींची शतपत्रं आली. त्या काळी पेपर नाक्यावर मिळत नसे, वर्गणीदार व्हावं लागे. वर्गणी आगाऊ भरायची हा नियम आणि ती थकवायची ही रीत. नगर वाचनालयात जुनी मासिकं चाळायची मला खोड आहे. त्यांत लेखांपेक्षा मला आतल्या पानावरच्या सूचना वाचायला आवडतात. वर्गणी संपली आहे, मनीऑर्डर करावी, न केल्यास पुढचा अंक व्ही.पी.ने येईल, ती कृपा करून परत पाठवू नये. पुन्हा पुढच्या अंकात तेच, जरा कळवळून.

व्ही.पी. ही सोय टपालखात्याने 1877 मध्ये आणली आणि 1880 पासून मनीऑर्डरही टपालातून जाऊ लागली. छापणाऱ्यांना वाटलं, सुटलो. पोस्टमन दारात उभा राहणार, पैसे घेणार, मगच अंक हातात देणार. झालं असं की घरधनी बाहेरगावी गेलेले असायचे. व्ही.पी. ‘नाकारली’ असा शेरा घेऊन अंक परत यायचा आणि जाण्याचा टपालखर्च संपादकाच्या बोकांडी बसायचा. माझ्या वडिलांना याची फार मजा वाटे. ते म्हणायचे, पोस्टमनला नाही म्हणता येतं, कारण तो सरकारचा. आपल्याला नाही म्हणता येत नाही, कारण आपण सकाळी परत दिसणार.

न देणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. वाडा बाळगून वर्गणी थकवणारा वेगळा आणि दिवसाची मजुरी बुडवून पेपर ऐकायला येणारा वेगळा. डॉ. आंबेडकरांचं ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 ला निघालं ते राजर्षी शाहू महाराजांच्या 2500 रुपयांच्या मदतीवर. ते तीनेक वर्षांत थांबलं. 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आलं, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहून काढत. तेही पैशावाचून अडलं. त्या वाचकाजवळ वर्गणीला पैसे नव्हते, पण पेपर आपला आहे ही भावना होती. पैसे असलेल्यांपाशी अनेकदा तेवढीच नसते, असा माझा अनुभव. गावोगाव एकच ‘केसरी’ यायचा आणि पारावर एकजण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. हल्ली ज्याला फुकट वाचक म्हणून नावं ठेवतात, तो पारावर तेव्हापासून बसलेला आहे. पुढे कटिंगच्या दुकानाने आणि चहाच्या टपरीने त्याची सोय केली. माझ्या लाइनवरच्या एका सलूनमधला अंक दिवसभरात किती हातांतून जातो हे संध्याकाळी त्याच्या कडा बघून कळतं.

एका पैशाने काय होतं, हे मात्र सुप्रीम कोर्टाने लिहून ठेवलं आहे आणि तो खटला आपल्या पुण्याचा आहे. छोट्या पेपरांना मोठ्यांनी गिळू नये म्हणून केंद्राने 1956 मध्ये किंमत आणि पानांचा कायदा केला. 1960 च्या आदेशाने ठरवून दिलं की अमुक किमतीला अमुकच पानं छापायची. नानासाहेब परुळेकरांचा ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळे, रविवारचा अंक बारा पैशांना. रविवार सोडून आठवड्याची पानं 34. नव्या हिशोबात एक तर पानं 24 वर आणा किंवा किंमत आठ पैसे करा. परुळेकर कोर्टात गेले. त्यांच्याबरोबर दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले, आणि मला या खटल्यात सगळ्यात जास्त तेच आवडतात. सप्टेंबर 1961 मध्ये न्या. ज. र. मुधोळकरांनी निकाल लिहिला. किंमत वाढली तर खप घटेल, खप घटवणं म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्यावर बंधन घालणं, सबब कायदा रद्द. घटनेचे अभ्यासक हा निकाल अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठी शिकवतात. मी तो एजंटाच्या डोळ्यांनी वाचतो. पैशाने भाव वाढला तर गिऱ्हाईक तुटतं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे: अंकातली सुमारे 40 टक्के जागा जाहिरातींची. म्हणजे सात पैशांत सहा पानं वाचकाच्या घरी पडत होती, त्यातला मोठा वाटा साबणवाले आणि सिनेमावाले उचलत होते.

सात पैसे देणारा तरी बिनतक्रार देत होता का? आमच्या धंद्यात खाडा नावाची चीज आहे. ज्या दिवशी पेपर आला नाही तो खाडा, त्याचे पैसे कापायचे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे आणि पेपरचे खाडे शेजारी शेजारी मांडलेले असतात, दुधाला गोल, पेपरला फुली. बिल घेऊन गेलं की आतून कॅलेंडर काढून आणतात. 27 जानेवारीची फुली, 16 ऑगस्टची फुली. अहो, आदल्या दिवशी छापखान्याला सुट्टी असते, त्या दिवशी कुणाकडेच पेपर येत नाही, मासिक दरात ते धरलेलंच असतं, हे मी दरवर्षी सांगतो. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दरवर्षी ऐकून घेतात आणि कापूनच देतात. मात्र अग्रलेख भिकार होता, बातमी चुकीची होती, म्हणून त्यांनी खाडा धरल्याचं मला आठवत नाही.

बाकी घसरण सगळ्यांना माहीत आहे. 1994 मध्ये दिल्लीत ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने किंमत उतरवली आणि ‘आमंत्रण किंमत’ हा प्रकार रुळला. आमच्याकडे त्याचं लोण आलं ते योजनांच्या रूपाने. वर्षाची वर्गणी एकदम भरा आणि बादली घ्या, चादर घ्या, कूपनं चिकटवा आणि सोडतीत मोटारसायकल घ्या. आमचं घर दोन महिने बादल्यांनी भरलेलं होतं. मुदत संपली की गिऱ्हाईक विचारायचं, यंदा कुणाची बादली चांगली आहे? छापील किंमत आणि छपाईचा खर्च यांचा संबंध तेव्हाच सुटला होता. मग इंटरनेट आलं, पेपरांनी आपणहून सगळा मजकूर फुकट टाकला, जाहिराती येतील आणि भागेल या भरवशावर. सवय लागली यात वाचकाचा काय दोष?

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गठ्ठेच यायचे थांबले. मला वाटलं होतं, लोक कासावीस होतील. झाले, पण चार दिवस. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे साडेपाचला अख्ख्या पेपरची पीडीएफ पडू लागली. माझ्याही मोबाईलवर येऊ लागली, मलाच! ज्यांची थकबाकी होती त्यांनीही ‘वाचा आणि पुढे पाठवा’ म्हणून मला पाठवली. मालकांच्या संघटनेने हे बेकायदा असल्याचं कळवलं, काहींनी ई-पेपरला लॉगिन लावलं. ग्रुप काही थांबला नाही. पेपर परत सुरू झाला तेव्हा माझ्या लाइनीतली बरीच दारं उघडली नाहीत.

नॉर्वेत म्हणे दहातले चार लोक ऑनलाइन बातम्यांचे पैसे भरतात. 2024 च्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या अहवालात तसं आहे. त्याच अहवालात वीस श्रीमंत देशांची सरासरी मात्र शंभरात सतरा. आपल्याकडचा आकडा माझ्या वहीवरून सांगता येणार नाही, पण इतकं सांगता येईल. दीडशे रुपयांच्या बिलातले तीस-चाळीस रुपये रद्दीचे सुटतात, शिवाय कपाटात अंथरायला, गणपतीच्या सजावटीला, डबा गुंडाळायला पेपर लागतो. मोबाईलमधल्या बातमीची रद्दी होत नाही. तिच्या मागे बिल घेऊन दारात कुणी उभं राहत नाही. आणि भिडेखातर कार्डावर आकडे टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

मागच्या दिवाळीत शनिवार पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी मला थांबवलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना छापील अक्षर दिसत नाही, टॅबवर मोठं करून वाचतात. म्हणाले, “त्या ई-पेपरचे पैसे भरायचे आहेत, पण तिथे कार्डाचा नंबर द्यायला धीर होत नाही. तुमच्याकडे दिले तर चालतील का? पावती द्या म्हणजे झालं.” मी कंपनीच्या वितरण विभागातल्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “एजंटामार्फत भरायची सोय नाही.” मी म्हटलं, “करा मग. कमिशन नेहमीचंच द्या.” तो हसला आणि वरिष्ठांना विचारतो म्हणाला. मास्तर दर महिन्याला विचारतात, काही कळलं का.