पहिला प्रश्न कोणाला?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत पाककृती, ओव्या आणि प्रवासवर्णने दरवर्षी असतातच. यंदा मी जरा अवघड विषय घेतला आहे. त्याला कारण घडले. मागे एका बैठकीत एका भगिनीने वर्तमानपत्रातील अत्याचाराची बातमी वाचून दाखविली. ती पुरती वाचून होण्याच्या आतच तीन-चार जणी म्हणाल्या, "एवढ्या रात्री ती तिकडे गेलीच कशाला?" त्या तीन-चार जणींत मीही होते.

घरी आल्यावर मन खाऊ लागले. लहानपणची एक मैत्रीण आठवली. ती एकाएकी शाळेत यायची बंद झाली. काय झाले ते आम्हांला कोणी सांगितले नाही, परंतु मोठ्या बायकांच्या कुजबुजीतून कळायचे ते कळले. शेतातून एकटी का आली, ओरडली का नाही, हे सारे तिलाच विचारले गेले. ज्याने केले तो मात्र पारावर बसून पान खात असे. "तिच्याशी खेळायचे नाही," असे आईने सांगितले आणि मी ते मुकाट्याने ऐकले.

पहिला प्रश्न बाईलाच विचारण्याची ही रीत किती जुनी, आणि ती मोडण्याची खटपट कोणी केली, याचा शोध घेताना जे हाती लागले ते भगिनींपुढे ठेवीत आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या पंढरपुरापासूनच करू. आपण एकादशीला जातो ते हेच पंढरपूर. गेल्याच्या गेल्या शतकात पुष्कळ तरुण विधवा यात्रेच्या निमित्ताने तेथे येत. घरच्याच कोणा पुरुषाने फसविलेली किंवा बळजोरी केलेली एखादी मुलगी पोटातले ओझे घेऊन येई आणि मूल मागे टाकून जाई. 1875 साली तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी अशा स्त्रियांसाठी व अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. पुढे मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते चालविले. त्याआधी 1863 साली पुण्यात जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी असेच गृह आपल्या घरी सुरू केले होते. या दोन्ही ठिकाणी आलेल्या बाईला "हे कसे झाले?" असा जाब विचारला जात नसे. आधी आसरा, मग बाकीचे. हीच मला त्या काळातील मोठी गोष्ट वाटते.

1881 मध्ये सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, लोकलज्जेने आपले अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली. वर्तमानपत्रांतून मात्र साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून उलट सवाल केला. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असे त्यांनी खडसावून विचारले. पहिला प्रश्न पुरुषाला विचारणारे इतके धारदार मराठी पुस्तक त्यापूर्वी कोणा बाईने लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता येते ती कहाणी अगदी आपल्या हयातीतील आहे. 26 मार्च 1972 ची रात्र. त्या वेळच्या चंद्रपूर, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाणे. मथुरा नावाची चौदा ते सोळा वर्षांची, मोलमजुरी करणारी, आईबापांविना वाढलेली एक आदिवासी मुलगी. तिला पळवून नेल्याची तक्रार भावाने केली म्हणून तिला ठाण्यावर आणले होते. जबाब झाले, सगळे निघाले. एका शिपायाने तिला मागे थांबविले. तिची माणसे बाहेर उभी, आतले दिवे विझलेले. आत तिच्यावर बलात्कार झाला. दुसऱ्या शिपायाने, जो दारू प्यालेला होता, तिच्या अंगाशी झोंबाझोंबी केली.

पुढे काय झाले? 1974 साली सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुलगी खोटारडी आहे आणि तिला शरीरसंबंधाची सवय आहे, असे निकालात म्हटले. 1976 साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरविला. भीतीपोटी निमूटपणे सोसणे निराळे आणि संमती देणे निराळे, हा फरक त्याने स्पष्ट केला व दोघांना शिक्षा ठोठावल्या. परंतु 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा प्रतिकार झालाच नसावा, आणि ओरडल्याचे तिचे म्हणणेही खरे धरता येत नाही, असा एकंदर विचार झाला.

भगिनींनो, क्षणभर त्या जागी आपली मुलगी उभी करून पाहा. रात्रीची वेळ, ठाणे पोलिसांचे, अंगावर येणारा माणूसही पोलीसच. ती ओरडून कोणाला बोलावणार? भीतीने माणसाची जीभ टाळ्याला चिकटते, हातपाय गार पडतात. विंचू निघाला तरी काही जणी किंचाळतात आणि काही जणी जागच्या जागी खिळून जातात. मग अशा प्रसंगी न ओरडणे म्हणजे होकार, हे कोणत्या न्यायाने ठरवावे?

हाच प्रश्न 1979 च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून विचारला. त्यातून देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. 1983 साली कायदा बदलला. कोठडीत असा प्रकार झाला आणि संबंध आल्याचे सिद्ध झाले, तर "माझी संमती नव्हती" हे बाईचे म्हणणे न्यायालयाने खरे धरून चालावे, असे ठरले. तिचे नाव छापण्यास बंदी आली. 2002 च्या दुरुस्तीने, बाईची चालचलणूक वाईट असे दाखवून तिची साक्ष पाडण्याची जुनी वाट बंद झाली. आणि 2013 साली संमती म्हणजे काय हे कायद्यात स्वच्छ लिहिले गेले : त्या विशिष्ट गोष्टीला स्वखुशीने, शब्दांनी किंवा खुणेने दिलेला निःसंशय होकार. केवळ अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही त्यात आहे. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच शब्द कायम आहेत. उणीवही राहिली आहे. अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजोरी अजून बलात्कार म्हणून गणली जात नाही. मंगळसूत्र घातले म्हणजे जन्मभराचा होकार दिला, अशी ही समजूत आहे.

आपल्या मोडनिंबच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे वाटते. येथील लावणीच्या कलाकेंद्रांमुळे आपल्या गावाचे नाव दूरवर माहीत आहे. घुंगरू बांधून पोट भरणाऱ्या बायकांविषयी "त्यांचे काय एवढे!" असे शब्द आपल्याच तोंडून निघतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात एका पोलीस अधिकाऱ्याने एका बाईच्या झोपडीत शिरून बळजोरीचा प्रयत्न केला होता. ती चालचलणुकीने बरी नाही, तेव्हा तिच्या शब्दावर विसंबता येत नाही, असे उच्च न्यायालयात ठरले. 1990 साली सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढले. बाईची चाल कशीही असो, वाटेल तेव्हा वाटेल त्याने तिच्या घरात शिरावे असे होत नाही, तिलाही कायद्याचे तेवढेच संरक्षण आहे, असे त्याने बजावले. प्रेक्षक पैसे देतो ते लावणीचे. बाईच्या 'नाही'ची किंमत त्यात धरलेली नसते.

कायदा बदलायला अकरा वर्षे लागली, पुढे आणखी तीस लागली. आपली जीभ बदलायला मात्र सरकारी गॅझेटची वाट पाहावी लागत नाही. उद्या कोणी मुलगी रडत आपल्या दाराशी आली, तर "कुठे गेली होतीस, काय नेसली होतीस?" हे ओठावर येण्याआधी गिळावे. तिला पाणी द्यावे, "तुझा काही दोष नाही" असे म्हणावे. दवाखान्यात तिच्यावर विनामूल्य उपचार झाले पाहिजेत आणि कोणत्याही पोलीस ठाण्याने तक्रार घेतली पाहिजे, असा कायदा आहे. तेथे तिच्याबरोबर जावे. 112 आणि 181 हे क्रमांक मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावेत. आणि घरातल्या मुलग्यांना वेळीच सांगावे की समोरची गप्प आहे म्हणजे तिने हो म्हटले असे नाही.

माझ्या त्या मैत्रिणीची नंतर गाठ पडली नाही. लग्न करून ती दूर गेली एवढेच कळले. तिला विचारण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही. तिची क्षमा मात्र मागायची आहे. ती भेटेल तेव्हा भेटो. तोवर निदान मंडळाच्या पुढच्या बैठकीत कोणी अशी बातमी वाचली, तर पहिला प्रश्न त्याला विचारायचा, एवढे मी माझ्यापुरते ठरविले आहे.