सासू, सून आणि धोतरा

भूल देऊन ऑपरेशन म्हटलं की १८४६ सालचं बोस्टन आणि ईथर आठवतं. पण त्याच्या तब्बल ४२ वर्षं आधी, १८०४ साली, जपानच्या किई प्रांतात (म्हणजे आजच्या वाकायामाकडे) हानाओका सेइशू नावाच्या वैद्याने साठ वर्षांच्या एका बाईला काढा पाजून बेशुद्ध केलं आणि तिच्या स्तनातली कर्करोगाची गाठ काढली. काढ्यातली मुख्य द्रव्यं दोन: धोतरा आणि बचनागाचा जपानी भाऊबंद. दोन्ही जहरी. तेव्हा जपानने जगाला दारं लावून घेतली होती, नागासाकीत डच आणि चिनी व्यापाऱ्यांपुरती काय ती फट उघडी. त्यामुळे बाहेर कुणाला पत्ताच नाही.

आता प्रश्न असा, की विषाचा डोस किती द्यायचा हे त्याला कळलं कसं? आधी कुत्र्या-मांजरांवर प्रयोग झाले. आणि मग घरातल्या बायकांवर! आईने आणि बायकोने स्वतःहून औषध घेतलं आणि बायकोचे डोळे गेले, अशी तिकडे पिढ्यानपिढ्या सांगितली जाणारी कथा. वाकायामाचीच लेखिका सावाको आरियोशी हिने १९६६ साली यावर कादंबरी लिहिली. इंग्रजीत ती 'द डॉक्टर्स वाइफ' नावाने आहे. सासू-सुनेतली चुरस ही आरियोशीबाईंची भर. ओत्सुगी ही सासू. सून काए तिनेच हौसेने निवडून आणलेली. मुलगा क्योतोला शिकत असतो तोवर दोघींचं गूळपीठ. तो परत येतो आणि सगळं फिरतं. पुढे 'औषध मी घेणार' यावरून दोघींची चढाओढ लागते, तीसुद्धा अगदी गोड, आदबशीर भाषेत!

हे पुस्तक आमच्या पाच-सहा जणांत फिरलं आणि सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, सासूच खरी खलनायिका, मोठेपणासाठी काहीही करेल. दुसरी म्हणे, तिने निदान घर उभं केलं, सुनेला फक्त जिंकायचं होतं. एकाने तर 'ही आपली संध्याकाळची सिरीयलच की!' म्हणून पुस्तक अर्ध्यात ठेवलं.

मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या कादंबरीच्या सापळ्यात अडकल्या. दोघींपैकी चांगली कोण, हा वाद चालू असताना डॉक्टरसाहेबांकडे कुणी बघतच नाही. त्या घरातही नेमकं हेच होतं. सेइशू आईला सौम्य औषध देतो, बायकोला कडक, आणि आईला त्याचा पत्ता लागू देत नाही. त्याच्या दोन बहिणींनी हातमागावर कापड विणून त्याच्या शिक्षणाचा खर्च भागवला. दोघींची लग्नं राहिली ती राहिलीच. त्यातली धाकटी कोरिकू मरणाच्या दारात असताना काएला सांगते, की दादाला तुमचं भांडण दिसत नव्हतं असं होणंच शक्य नाही. त्याने न कळल्याचं सोंग घेतलं आणि दोघींना औषध पाजलं. अख्ख्या पुस्तकात एवढं स्पष्ट दुसरं कुणीच बोलत नाही.

म्हणजे सेइशू वाईट होता का? एवढं सोपं नाही. त्याच्या नोंदींमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे दीडशेच्या वर रुग्ण आहेत. त्या काळी अशा बाईला मरणाची वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. त्याच्याकडे शिकायला जपानभरातून मुलं येत. धोतऱ्याचा डोस कुणावर तरी तपासावाच लागणार होता. पण 'स्वतःहून' या शब्दाचं काय? ज्या घरात सुनेची किंमत तिच्या त्यागावर ठरते, तिथे तिने दिलेला होकार कितपत तिचा? आज औषधाच्या चाचणीआधी लेखी संमती घेतात. दोनशे वर्षांपूर्वी असा कागदच नव्हता, आणि असता तरी काएने त्यावर हसत सही केली असती. खरी भीती तीच आहे.

कादंबरीच्या शेवटी कबरी येतात. सेइशूची सगळ्यात मोठी. तिच्यामागे काएची, काएच्या मागे ओत्सुगीची. सेइशूच्या कबरीसमोर उभं राहिलं की मागच्या दोन्ही दिसतच नाहीत.

असो. पुस्तक लहान आहे, एका वीकेंडात होतं. वाचताना सासू-सुनेवरची नजर अधूनमधून काढून त्या शांत, कामसू, सज्जन माणसावर ठेवा.