जामखेडच्या पणत्या

खेड्यात डॉक्टर नाही, तर डॉक्टरांची गाडीच खेड्यात न्यावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. आपल्या धर्मग्रामांतून भरणारी आरोग्यशिबिरेही याच विचारातून जन्मली आहेत. परंतु सायंकाळी गाडी परतली, की गावात मागे काय उरते? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातीलच एका दुष्काळी तालुक्याने दिले आहे. तो इतिहास आपण पुन्हा आठवून पाहू या.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. १९६० साली विवाहबद्ध होताना आपले आयुष्य खेड्यातील गरिबांसाठी वेचण्याचा संकल्प त्यांनी केला होता. पुढे वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना एक गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. बरा होऊन घरी गेलेला रोगी काही दिवसांनी तेच दुखणे घेऊन परत येई. दुखण्याचे मूळ दूषित पाण्यात, अपुऱ्या अन्नात आणि अज्ञानात होते. रुग्णालयाच्या खाटेवर त्याचा उपाय नव्हता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० साली तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे त्यांनी काम आरंभिले. स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना जागा दिली ती गुरांच्या जुन्या दवाखान्याची! तेथेच प्रकल्पाचा श्रीगणेशा झाला.

डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक असे पथक गाडीने गावोगावी जाऊ लागले. पथक येई तेव्हा औषध मिळे. पण बाळंतपण काही पथकाची वाट पाहत थांबत नाही आणि तान्ह्या मुलाचा अतिसार रात्रीच बळावतो. म्हणून प्रशिक्षित परिचारिकांना गावातच ठेवण्याचा प्रयत्न झाला. तोही फसला. परक्या गावी एकटीने राहणे त्या तरुण मुलींना अवघड गेले आणि गावानेही त्यांना आपले मानले नाही.

तेव्हा गावकऱ्यांनाच आपल्यातील एक स्त्री निवडण्यास सांगण्यात आले. निवडून आलेल्या स्त्रिया बहुधा प्रौढ वयाच्या व निरक्षर होत्या. कित्येक दलित समाजातील होत्या. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून शिकलेले इतरांना सांगत. गरोदर स्त्रीची काळजी, सुरक्षित बाळंतपण, बाळाचे वजन, अतिसारावर साखर-मिठाचे पाणी ही कामे त्यांनी अंगावर घेतली. आता फिरत्या पथकाचे काम पालटले. सेविकेने हेरून ठेवलेले अवघड रोगी तपासणे, तिच्याबरोबर घरोघर जाणे आणि गावासमोर तिचा मान राखणे, हे ते काम होय.

सत्तरीच्या आरंभीच्या दुष्काळात शेतकऱ्यांची मंडळे उभी राहिली. मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांची जागा ठरवताना दलित वस्तीचा विचार आधी झाला. एकाच पंपाखाली सर्वांचे हंडे लागले, तेव्हा पाण्याबरोबर शिवाशिवीचाही प्रश्न थोडा सैल झाला. पुढे महिला मंडळेही निघाली.

या सहकार्याचे फळ आकड्यांत दिसते. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत. १९७६ मध्ये ही संख्या ५२ वर आली, तर १९९६ मध्ये २६ वर. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या ग्रंथात जामखेडच्या प्रयोगाची नोंद घेतली आणि १९७९ साली आरोळे दाम्पत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

१९८८ साली मुक्ताबाई पोळ ही जामखेडची आरोग्यसेविका वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलली. सभागृहातील झगमगती झुंबरे दाखवून तिने सांगितले, की डॉक्टर त्या झुंबरांसारखे आहेत. सुंदर, पण महाग. आपण मात्र साधी पणती आहोत. तथापि एक पणती दुसरीला उजळू शकते. खेड्यातील एका बाईने सार्वजनिक आरोग्याचे सारे शास्त्र या दृष्टान्तात सांगून टाकले.

डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली निवर्तले. त्यांनी घातलेला धडा मात्र आपल्यापुढे आहे. झुंबर नको, असे मुक्ताबाई म्हणाल्या नाहीत. शस्त्रक्रियेला रुग्णालय लागतेच, पथकाला गाडी लागतेच. पण आपण पाड्यावर शिबिर भरवतो तेव्हा तपासलेल्या रोग्यांची संख्या अभिमानाने वाचून दाखवतो. त्या पाड्यावरील कोणती स्त्री त्या दिवशी काही शिकली, पुढच्या आठवड्यात तिच्या पाठीशी कोण उभे राहील, हे आपल्या अहवालात सहसा नसते. पुढील शिबिराची तारीख ठरविण्यापूर्वी आपण पाड्यावर जाऊन तेथील लोकांनाच विचारावे, की तुमच्यातील कोणाला आम्ही शिकवू? जामखेडने गावापासूनच सुरुवात केली; आपणही तेथूनच केलेली बरी.